सांध्यावरची घरे

उद्योगी माणसाला आपण मधमाशीची उपमा देतो. आम्ही शिक्षक तर पोळ्याची षट्कोनी घरे फळ्यावर काढून मुलांना काटेकोरपणाचा धडा देतो. धडा खोटा नाही. सारख्या आकाराच्या घरांनी जागा भरायची तर षट्कोनाला भिंत सर्वांत कमी लागते, हे टॉमस हेल्स या गणितज्ञाने १९९९ साली सिद्ध केले. मेण माशीच्या पोटाखालच्या ग्रंथींतून स्रवते आणि त्यासाठी तिला मेणाच्या कितीतरी पट मध खावा लागतो. भिंतीची बचत तिच्यासाठी जगण्याचा प्रश्न आहे.

करी रोडच्या चाळींना परसदार नाही. पेटीतली माशी पाहायची तर महाबळेश्वरकडे जावे. तिथले मांघर २०२२ साली देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. मेणाचा छापील पत्रा न लावलेली चौकट पाहिली, की फळ्यावर न येणारी गोष्ट दिसते. माश्या अनेकदा दोन-तीन ठिकाणांहून एकदम बांधायला लागतात. पट्टे वाढत जवळ येतात, तेव्हा त्यांच्या ओळी जुळतातच असे नाही. मग सांध्याच्या आसपास घरे तिरपी होतात, लहानमोठी होतात. कुठे पाच बाजूंची, कुठे सात बाजूंची. षट्कोन मोडतो, पोळे मात्र एकसंध होते. मध त्या वाकड्या घरांतही साठतो.

इथे नीतीचा प्रश्न उभा राहतो. जुळवून घेण्यासाठी आकार मोडणे म्हणजे तत्त्व सोडणे काय? उर्दू शाळेतले पालक आम्हाला विचारतात, मराठी वाढली तर उर्दू उरेल का? ही भीती हसण्यावारी नेण्याजोगी नाही.

माशीला निवड नसते, असे कोणी म्हणेल. माणूस आधी मनात बांधतो आणि मग प्रत्यक्षात, हा फरक मार्क्सनेही ‘भांडवल’ ग्रंथात सांगितला आहे. पण म्हणूनच माणसाची जबाबदारी मोठी. काय वाकवायचे आणि काय नाही, हे त्याला ठरवावे लागते. आमच्या मते कसोटी पोळ्यातच आहे. घराच्या बाजू बदलल्या तरी चालते, भिंत गळकी झालेली चालत नाही. बोली, पेहराव, सणावारी एकमेकांकडे जाणे-येणे या बाजू आहेत. सचोटी आणि इन्साफ ही भिंत आहे.

आणखी एक गोष्ट. सांध्यावर दोन्हीकडच्या ओळी वाकतात. एकाच बाजूने वाकावे अशी अपेक्षा असेल, तर त्याला मिलाफ म्हणता येत नाही. ते गिळणे झाले. हे बहुसंख्याकांना सांगण्याचा आपल्याला हक्क आहे. पण आपली कड ताठ ठेवून तो हक्क बजावता येणार नाही.

सूरह नहलमध्ये अल्लाहने मधमाशीला घरासाठी तीन जागा दाखवल्या आहेत : डोंगर, झाडे आणि माणसांनी उभारलेली बांधकामे. ही तिसरी जागा आधीच दुसऱ्या कोणीतरी बांधलेली असते. गिरणगावात कोकणातून, घाटावरून, उत्तरेतून आलेली माणसे अशाच जागी वसली. तिथे भिंतीला भिंत लावूनच राहावे लागते.