दंड मालकाचा, लायसन तुझं

रडगाणं बंद कर आणि नीट उभा राहा. आरटीओची नोटीस आल्यावर मास्तर आठवले? माल भरताना का नाही आठवले?

तुला काही येतच नसतं तर मी तापलो नसतो. हात चांगला आहे तुझा. भरलेली गाडी खंडाळ्याच्या उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या जोरावर, ब्रेकला जेमतेम पाय लावत उतरवायची, हे तू चटकन शिकलास. मग दोन पैशांच्या डिझेलसाठी न्यूट्रल मारायला कुणी शिकवलं? ब्रेकचं लायनर जळल्याचा वास केबिनभर होतो, किन्नर नाकाला रुमाल लावतो आणि तू गाण्याचा आवाज वाढवतोस. वास येत नाही, की घ्यायचाच नाही?

म्हणे, "मालक म्हणाला भर, म्हणून भरली." वा रे आज्ञाधारक! तीन एक्सलच्या ट्रकचं मालासकट वजन सरकारने 2018 मध्ये 25 टनांवरून साडेअठ्ठावीसवर नेलं. साडेतीन टन आयते पदरात पडले. तरी तुमचं पोट भरलं? काट्याची पावती तुझ्याच खिशात असते. आकडा कळला नाही म्हणू नकोस. भत्त्याचा हिशोब झोपेतही चुकत नाही तुझा. पाच टन जादा म्हणजे 20 हजार आणि वर टनामागे 2 हजार. झाले 30 हजार. ते मालक भरेल आणि पुढच्या भाड्यांत वसूलही करेल. लायसनचं काय? ते त्याचं जाणार आहे का? तो तर स्टिअरिंगला हात लावत नाही.

ओव्हरलोडला लायसन जातं, हा नियम काही काल रात्री आलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने 2015 मध्येच राज्यांना बजावलं: वेग, लाल सिग्नल, हातात मोबाईल, दारू, ओव्हरलोड, मालाच्या गाडीत माणसं, यातलं काहीही सापडलं तर लायसन किमान तीन महिने निलंबित. तीन महिने! पोराची फी कोण भरणार? मालक? संध्याकाळपर्यंत तुझ्या सीटवर दुसरा ड्रायव्हर बसलेला असेल, आणि तुझी उशी किन्नराने बाहेर काढून ठेवलेली असेल.

"फोन मालकाचाच होता, नाही उचलला तर शिव्या घालतो." खा शिव्या. अंगाला भोकं पडत नाहीत. "एवढीशीच घेतली होती." यंत्राला एवढीशी-तेवढीशी कळत नाही. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर गेलास की पहिल्याच खेपेला सहा महिन्यांपर्यंत कैद, 10 हजार दंड, किंवा दोन्ही. कॅमेऱ्याचं चलान गाडीच्या नावावर निघतं म्हणून निर्धास्त असतोस ना? वेगाच्या दुसऱ्या गुन्ह्याला लायसनच जप्त करून पुढे पाठवायची तरतूद 2019 च्या दुरुस्तीत आली आहे. आणि "सगळेच करतात" हे तर माझ्यासमोर बोलूच नकोस. सगळ्यांच्या नोटिसा तुझ्या पत्त्यावर येतात का?

आता नवी अक्कल निघाली, दुसऱ्या राज्यातून लायसन काढायची. कुठल्या चहाच्या टपरीवर मिळाली ही? निलंबन असेपर्यंत देशात कुठेही दुसरं काढता येत नाही, आणि लायसनच्या सारथी पोर्टलवर नोंद सगळीकडे दिसते. तसाच गाडी चालवत राहिलास तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 10 हजार दंड, नाहीतर दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करायला बघेल. मग मालक तुला ओळख तरी देईल का?

नोटीस आली म्हणजे अजून ऐकून घेणार आहेत. उत्तर न देता घरी बसलास तर एकतर्फी हुकूम निघेल, मग ढाळ टिपं. दिलेल्या तारखेला हजर राहा. कागद घेऊन जा, एजंट नको. हुकूम विरुद्ध गेला तर तो मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील करता येतं. तो कागदही गादीखाली सरकवून विसरू नकोस, तुझी ती जुनी खोड आहे.

लायसन गेलंच तर चावी त्याच दिवशी मालकाच्या हातात द्यायची. किन्नराकडे नाही. त्याच्याकडे कसलं लायसन आहे ते तुला ठाऊक आहे, आणि रात्री नगर रोडवर त्याला स्टिअरिंग देऊन तू मागे झोपतोस, हेही मला ठाऊक आहे.