गाडीचा बाहेरचा साज

गाडीच्या मागे पंख बसवला, बाजूंनी पट्टे ओढले, रंग पालटला, की मंडळीतील वडीलधारे "हा सारा डौल" एवढे म्हणून तरुणाला गप्प करतात. आमच्या कुंभारवाड्यासारख्या रानातल्या गावावरूनही अशा नटवलेल्या गाड्या कारवारकडे जाताना दिसतात. शब्बाथ शाळेच्या शिक्षकाला मात्र एका शब्दावर सुटता येत नाही. मुलगा विचारतो, "सर, यात नेमके पाप कोणते?" प्रश्न रास्त आहे.

नटवण्यात मुळात वावगे काही नाही. बैलाची शिंगे रंगवणाऱ्या शेतकऱ्याला आपण गर्विष्ठ म्हणत नाही. १९७५ साली अलेक्झांडर काल्डर या अमेरिकन शिल्पकाराने बीएमडब्ल्यूच्या शर्यतीच्या गाडीवर लाल, पिवळे, निळे रंग चढवले आणि ती फ्रान्समधील ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत खरोखर धावली. काही तासांनी यंत्र बिघडून ती बाहेर पडली, पण तो दोष रंगाचा नव्हे.

आपल्याकडचे उदाहरण मुंबईचे आहे. २००४ च्या 'टारझन: द वंडर कार' या हिंदी चित्रपटातील स्पोर्ट्स कार दिलीप छाब्रिया यांच्या कारखान्यात घडली. कथेत मुलगा वडिलांची मोडकी गाडी नव्याने उभी करतो आणि तिच्यात वडिलांचा आत्मा वास करतो. ही कल्पना आपल्याला मानवणारी नाही, ते असो. प्रत्यक्षात त्या अद्भुत कवचाखाली टोयोटाची एमआर-टू होती. तीही मुळात दोन आसनांची, आसनांमागे एंजिन असलेली स्पोर्ट्स कारच. कवच नवे होते, परंतु आतल्या हाडांविरुद्ध ते बोलत नव्हते.

सगळेच साज असे नसतात. शर्यतीच्या गाडीचा पंख विमानाच्या पंखाच्या उलट काम करतो. तो गाडीला खाली दाबतो, म्हणून वेगात वळतानाही मागची चाके रस्ता धरून राहतात. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १६० किलोमीटरला जेवढा मिळतो, त्याचा फक्त सोळावा हिस्सा ताशी ४० ला मिळतो. अणशी घाटात तो पंख म्हणजे निव्वळ शोभा. शोभा म्हणून लावायचा तर खुशाल लावावा! लहान एंजिनाच्या गाडीवर मोठ्या मॉडेलचा बिल्ला चिकटवून मालक स्वतःच हसत असेल, तर तीही थट्टाच. तोच बिल्ला ठेवून गाडी विकायला काढली, अपघातात चेपलेला दरवाजा पुट्टीने भरून, वर झगझगीत रंग देऊन "कुठे ओरखडाही नाही" असे सांगितले, की ती लबाडी होते. कारण आता त्या रूपावर विसंबून कोणी गरजू माणूस पैसे मोजणार आहे.

कायदाही रूपाकडे असाच पाहतो असे मला वाटते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडी कारखान्याच्या मूळ तपशिलाहून निराळी होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच पुन्हा बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्हीही ठरवले. रंग बदलता येतो, पण आरसी बुकात नोंदवावा लागतो. धडक देऊन पळालेल्या गाडीबद्दल साक्षीदाराला कित्येकदा रंगाखेरीज काही सांगता येत नाही. काचेतूनही पुढे-मागे ७० टक्के आणि बाजूंनी ५० टक्के उजेड पार गेला पाहिजे. रूप मालकाचे खरे, पण ते वाचणारा रस्त्यावरचा परका माणूस असतो.

अणशीचा रस्ता काळी व्याघ्र प्रकल्पाच्या रानातून जातो. दिवस मावळल्यावर वळणावरून एखादी गाडी छपरावर चार जादा दिवे पेटवून येते, तेव्हा समोरच्या सायकलवाल्याला क्षणभर काहीच दिसत नाही. कडेला गवा असेल तर तोही जागीच खिळतो. पट्ट्यांबद्दल मी मुलाला एक अक्षर बोलणार नाही. दिव्यांबद्दल बोलेन, आणि तेही आधी त्यांचे पैसे देणाऱ्या बापाशी.