न कळण्याची सोय

परदेशात शिकायला गेलेल्या माणसाला जे पहिलं वाक्य बिनचूक येऊ लागतं, ते बहुधा ‘मला कळलं नाही’ हे असतं. स्पेनमधल्या सालामांकात पहिले दोन महिने मी ते दिवसातून वीसदा तरी म्हटलं असेन : ‘नो एन्तिएन्दो’. पावाच्या दुकानात रांग दिसतच नाही. आत येणारा ‘शेवटचं कोण?’ असं विचारतो, आणि जो हो म्हणेल त्याच्यामागे आपला नंबर लागतो. हे ठाऊक नसल्यानं मी सरळ पुढे गेले, तेव्हा हे वाक्य कामी आलं. दुपारी बारालाच जेवायला जाऊन बसले, तेव्हाही. दर वेळी समोरचं माणूस हसलं, हळू बोललं, हातवारे करून समजावू लागलं. तिथलं विद्यापीठ १२१८ सालचं. बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांची त्या गावाला आठशे वर्षांची सवय आहे.

हळूहळू कळू लागलं. पण वाक्य सुटलं नाही.

आम्ही चौघी एका जुन्या घरात राहत होतो. सालामांका समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे आणि जानेवारीतल्या रात्री पारा शून्याखाली जातो. मला ती थंडी सोसेना. मी एक छोटा विजेचा हीटर आणला आणि रात्रभर चालू ठेवू लागले. फेब्रुवारीत बिल घेऊन घरमालक दारात उभा राहिला. कराराचा कागद एका बोलिव्हियन मैत्रिणीच्या नावावर होता. तो तिच्यावरच घसरला. तिकडून येणाऱ्या तुम्हा लोकांना इथे सगळं फुकट वाटतं, असं म्हणाला, आणि तिच्या अनामतीतून ६० युरो कापण्याचं सांगून मोकळा झाला. ती पोतोसीची. ते शहर ४,००० मीटर उंचीवर आहे. सालामांकाच्या थंडीत ती खिडकी किलकिली ठेवून झोपायची.

मग तो माझ्याकडे वळला. ‘तुम्हाला काही ठाऊक आहे का?’ हा प्रश्न मला शब्द न् शब्द कळला होता. मी म्हणाले, ‘नो एन्तिएन्दो.’ तो समजूतदारपणे हसला आणि निघून गेला.

कळूनही न कळल्यासारखं करण्याला आपण ‘वेड पांघरून पेडगावला जाणं’ म्हणतो. स्पॅनिशमध्ये त्याला ‘आथेर्से एल स्वेको’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘स्वीडिश होणं’. यातल्या ‘स्वेको’चा स्वीडनशी संबंध नसून तो ओंडक्याच्या अर्थानं लॅटिन ‘सोक्कुस’वरून आला, असंही मानतात. पण बोलणाऱ्याच्या कानाला तो परदेशीच ऐकू येतो. मराठीत सोंग घेणाऱ्याला वेड पांघरावं लागतं, लोकांचं हसू ओढवून घ्यावं लागतं. स्पॅनिशमध्ये नुसतं परकं होऊन भागतं. मी तर आयतीच परकी होते.

मी खोटं बोलले का? कांटनं १७९७ साली लिहिलेल्या निबंधात, खुनी दाराशी येऊन आपल्या मित्राचा ठावठिकाणा विचारत असला तरी त्याच्याशी खोटं बोलू नये, अशी टोकाची भूमिका घेतली. मात्र मनातलं सगळं सांगून टाकायला आपण बांधील आहोत, असं त्याचंही म्हणणं नव्हतं. गप्प राहणं वेगळं, खोटं बोलणं वेगळं. या हिशेबानं मी नापास. पण समजा मी नुसतेच खांदे उडवले असते, तर? खोटं टळलं असतं, पण ६० युरो तिचेच गेले असते. म्हणजे बोललेलं खरं की खोटं, एवढ्यानं माझा प्रश्न सुटत नव्हता.

दुसरी बाजूही आहे. न कळण्याचं सोंग हे दुबळ्यांचं जुनं हत्यार आहे. जेम्स स्कॉट यांनी मलेशियातल्या एका गावाचा अभ्यास करून १९८५ साली पुस्तक लिहिलं, त्यात गरिबांच्या रोजच्या प्रतिकाराच्या यादीत कामचुकारपणाच्या जोडीला अज्ञानाचं सोंगही आहे. साहेबाचा हुकूम न समजलेला गडी, सावकाराचा कागद न वाचता येणारा कुळवाडी यांना मी कोणत्या तोंडानं खोटारडे म्हणू? त्यांच्या सोंगाचा भुर्दंड वरच्याला पडत होता. माझ्या सोंगाचा भुर्दंड शेजारच्या खोलीत राहणारीला पडला. सोंग एकच, पण त्याची किंमत कोण मोजतं, यावर ते ढाल ठरतं की सुरा, हे ठरतं.

त्या मैत्रिणीला माझी सोय नव्हती. स्पॅनिश तिची मातृभाषा. तिची आजी केचुआ बोलायची, नातीपर्यंत पोचली ती चांदीच्या खाणीमागोमाग डोंगरावर चढलेली भाषा. त्यामुळे ‘मला कळलं नाही’ असं तिला म्हणता येत नव्हतं. अपमान तिला पूर्णच कळून घ्यावा लागत होता. तिची भाषा घरमालकाचीच असूनही ती ‘तिकडची’ ठरली. मला भाषा येत नाही असं धरून मी मात्र पाहुणी ठरले.

शिवाय त्या पाहुणचाराचाही हिशेब आहे. अडखळणाऱ्याला अनोळखी लोक जी सवलत देतात, ती विश्वासावर देतात. सोंग घेणारा ती फुकट खर्च करतो, आणि उद्या खरोखरच न कळणारा कुणी आला की त्याच्या वाट्याला संशय येतो. आपल्याकडे परप्रांतात राहणाऱ्या कुणालाही हे नवीन नाही. स्थानिक भाषा आपल्याला येते की नाही, हे आपण समोरचा काय मागतोय ते पाहून ठरवतो. भाषा शिकणं म्हणजे नवं जग उघडणं, असं सगळे सांगतात. त्यात एकेक सबब हातातून जाते, हे कुणी सांगत नाही.

तीन आठवड्यांनी मी तिला सांगितलं. ती म्हणाली, ‘मला ठाऊक होतं. त्याच दिवशी सकाळी तू माझ्या विनोदाला हसली होतीस.’ मग मी घरमालकाला फोन केला. क्रियापदं चुकली, पण मुद्दा पोचला. तो म्हणाला, ‘तुमचं स्पॅनिश फार सुधारलंय हो!’ पैसे माझ्या अनामतीतून गेले.

तिला जे बोलला त्याबद्दल त्यानं तिची माफी मागितली नाही. मागा, असं मीही म्हटलं नाही. तेवढं स्पॅनिश मला येत होतं.