उपहासाचा परवाना

सरकारी नोकरीत आयुष्य घालवलेल्या माणसाला आपल्या पाठीमागे आपली नक्कल होते हे कोणी सांगावे लागत नाही. बाहेर पट्टेवाल्याच्या स्टुलाभोवती चार जण जमतात, दबका हशा उठतो, आणि आपण दार उघडताच साऱ्यांच्या मुद्रा एकदम गंभीर होतात. यात दुःख मानण्यासारखे काही नाही. परंतु तीच नक्कल आपल्यासमोर, आपल्या संमतीने, भरल्या सभेत झाली म्हणजे मात्र एक अवघड प्रश्न उभा राहतो. परवानगी घेऊन केलेला उपहास हा उपहास असतो काय? आणि ज्याने परवानगी दिली त्याच्यावर त्या परवानगीचे काही ऋण राहते काय?

आमच्यापुढे हा प्रश्न उभा राहिला तो उत्तरेतील एका शहरी आमची बदली झाली होती तेव्हा. तेथील मराठी मंडळाच्या स्नेहसंमेलनात आमच्याच कचेरीतील एका तरुण कारकुनाने स्वतः रचलेले एक कवन म्हटले. कोणतीही फाइल आली की तिच्यावर 'चर्चा करावी' एवढेच लिहून ती परत पाठवण्याची आमची जी सवय, तिच्यावर ते होते. चाल फक्कड होती, यमके चपखल होती, आणि आमच्या खाकरण्याची नक्कल तर इतकी हुबेहूब की आमच्या सौभाग्यवतींनाही हसू आवरेना. त्या रात्री सर्वांत मोठ्याने आम्ही हसलो. त्याच्या पाठीवर थापही मारली. पुढे मार्च महिन्यात गोपनीय अहवाल लिहिण्याची वेळ आली. त्या काळी हे अहवाल खरोखरच गोपनीय असत. 'वरिष्ठांशी वर्तन' या रकान्याशी आमची लेखणी क्षणभर थबकली आणि 'उत्तम' असे लिहिण्याऐवजी तिने 'समाधानकारक' असे लिहिले. आम्ही काही खोटे लिहिले नाही, अशी आम्ही स्वतःची समजूत घातली. नोकरीतील माणसाला 'समाधानकारक' या शब्दाचा खरा अर्थ काय असतो, हे या मासिकाच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

ही गोष्ट मनातून गेली नाही. पुढे कॅलिप्सो या गीतप्रकाराचा इतिहास आमच्या वाचनात आला, आणि आमच्या कचेरीत घडले तेच एका संपूर्ण बेटावर दीडशे वर्षे घडत आले आहे असे आम्हांला दिसले.

त्रिनिदाद हे बेट वेस्ट इंडीजच्या दक्षिण टोकाला, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यालगत आहे. ते 1797 पर्यंत स्पेनचे होते, नंतर इंग्रजांचे झाले. पण 1783 च्या स्पॅनिश फर्मानामुळे तेथे कॅथलिक फ्रेंच मळेवाले आपले गुलाम घेऊन येऊन वसले होते, म्हणून लोकांची बोली झाली ती फ्रेंच वळणाची. लेंट या उपवासाच्या पर्वापूर्वी मळेवाले कार्निव्हल साजरा करीत, मुखवटे घालून नाचत. गुलामगिरीची शेवटची बेडी 1838 च्या 1 ऑगस्टला तुटली आणि हा उत्सव मोकळ्या झालेल्या लोकांनी आपल्या हाती घेतला. पेटत्या उसाच्या फडाची आठवण जागवणारी 'कॅनबुले' नावाची मशालींची मिरवणूक निघू लागली. तिच्यात लाठ्यांची झुंज चाले, ढोल वाजत, आणि प्रत्येक टोळीचा एक गायक असे. त्याला शँटवेल म्हणत. आपल्या गड्याची फुशारकी आणि प्रतिपक्षाची टवाळी हे त्याचे काम. या शँटवेलच्या गाण्यातून कॅलिप्सो निघाला. तेथील लोक त्याला 'कायसो' असेही म्हणतात.

या उत्सवापुढे अधिकारी कसे वागले, ते आपल्यासारख्यांनी विशेष पाहण्याजोगे आहे. 1881 साली पोलीसप्रमुख कॅप्टन बेकर याने मशाली हिसकावून घेण्याचा प्रयत्न केला आणि पोर्ट ऑफ स्पेनच्या रस्त्यांत मोठी मारामारी झाली. गव्हर्नर फ्रीलिंग याने मग पोलिसांना बराकीत ठेवले, स्वतः लोकांसमोर जाऊन भाषण केले आणि उत्सव शांततेने पुरा करा असे सांगितले. असा शहाणपणा अधिकाऱ्याच्या हातून क्वचितच घडतो, आणि घडला तरी टिकत नाही. तीनच वर्षांनी, 1884 मध्ये, कायद्याने मशाली गेल्या आणि लाठ्या घेतलेल्या दहा किंवा अधिक माणसांच्या टोळ्या गेल्या. ढोलावर तर त्याआधीच टाच आली होती. लोकांनी वेळूचे लहानमोठे तुकडे घेऊन ते जमिनीवर आपटून ताल धरला. वेळूवर बंदी घालण्याचे कायदा करणाऱ्यांना सुचले नव्हते.

त्याच वर्षीच्या 30 ऑक्टोबरला सॅन फर्नांडो येथे मोहरमचे ताबूत घेऊन निघालेल्या हिंदी मजुरांवर गोळीबार झाला आणि निदान सोळा माणसे मेली. 1845 पासून कलकत्त्याहून करार करून नेलेले हे आपलेच देशबांधव. ताबुतांच्या त्या मिरवणुकीत मुसलमानांबरोबर हिंदूही होते. चौकशीसाठी आले ते सर हेन्री नॉर्मन, ज्यांची बहुतेक कारकीर्द हिंदुस्थानात गेली होती. त्यांनी पोलिसांच्या कृतीला दोष दिला नाही. आफ्रिकी माणसाचा कार्निव्हल आणि हिंदी माणसाचा मोहरम या दोहोंना एकाच वर्षी एकाच सरकारने वेसण घातली, ही गोष्ट पुढे दोघेही विसरले. त्या विस्मृतीकडे आम्हांला पुन्हा यावयाचे आहे.

झुंज गेली आणि शब्द उरले. शतकाच्या अखेरीस गाण्याची भाषाही फ्रेंच बोलीकडून इंग्रजीकडे वळली, म्हणजे गाणे ज्यांच्याविरुद्ध होते त्यांनाही ते कळू लागले! 1898 च्या सुमारास नॉर्मन ल ब्लाँ याने जर्निंगहॅम या गव्हर्नरवर केलेले गाणे संपूर्ण इंग्रजीतले पहिले कॅलिप्सो समजले जाते. पोर्ट ऑफ स्पेनची नगरसभा मोडण्याचा घाट जर्निंगहॅमने घातला होता, तो त्या गाण्याचा विषय. गायक आता वेळूच्या आणि ताडपत्रीच्या तंबूत बसून तिकीट लावून गाऊ लागले. अटिला द हून, लॉर्ड एक्झिक्यूटर, रोअरिंग लायन, ग्राउलिंग टायगर अशी त्यांची नावे. ज्यांना दिवसा कोणी 'मिस्टर' म्हणत नसे ते रात्री लॉर्ड होत.

1934 साली नाट्यगृहे आणि नृत्यगृहे यांच्या परवान्यांचा कायदा झाला. अश्लील गाणे नको, आणि कोणाही व्यक्तीचा वा समाजातील कोणत्याही घटकाचा अपमान करणारे गाणे नको, असा त्याचा आशय होता. गाणी आधी पोलिसांच्या नजरेखालून जाऊ लागली. हे कलम प्रथम वाचले तेव्हा, खरे सांगतो, आम्हांला ते फारसे वावगे वाटले नाही. असा मसुदा आमच्यासमोर आला असता तर एखादा स्वल्पविराम दुरुस्त करून आम्ही तो पुढे पाठवला असता. पण तीन वर्षांनी, 1937 च्या जूनमध्ये, तेलक्षेत्रात युराया बटलर याच्या नेतृत्वाखाली संप पेटला, माणसे मेली, चौकशी आयोग आला; आणि त्या आयोगाच्या अहवालातील एकांगीपणावर अटिलाने न्यूयॉर्कच्या एका कंपनीसाठी गाणे मुद्रित केले, तेव्हा ती तबकडी त्रिनिदादला येण्यास बंदी झाली. तिच्यात अश्लील काही नव्हते. सरकारी अहवाल एका माणसाने नीट वाचला होता आणि त्यात काय नाही ते सांगितले होते, इतकेच. 'समाजातील घटक' या शब्दांच्या आडोशाला दुबळ्यांआधी आयोगाचे सभासद जाऊन बसले.

अटिलाचे खरे नाव रेमंड केव्हेडो. तो 1946 मध्ये नगरसभेवर आणि 1950 मध्ये विधिमंडळावर निवडून आला. उपहास करणाराच सरकारी बाकांच्या शेजारी जाऊन बसला म्हणजे त्याच्या उपहासाचे काय होते, हा प्रश्न आम्हांला फार दिवस छळत आहे. आम्हांला वाटते, त्याची धार जावयाचीच. पण तसे वाटण्यात आमचा मत्सर किती आणि विचार किती, हे आम्हांला सांगता येत नाही.

परवान्याचा दुसरा मासला अधिक जवळचा आहे. हॉलिस लिव्हरपूल हे शिक्षक 'चॉकडस्ट', म्हणजे खडूची धूळ, या नावाने 1967 च्या सुमारास गाऊ लागले. देश 1962 मध्ये स्वतंत्र झाला होता. गव्हर्नर गेला होता, मंत्री आला होता. शिक्षकाने बाहेर पैसे घेऊन गाणे हा नियमभंग होय, असे शिक्षण खात्याने त्यांना सुनावले. चॉकडस्टनी मंत्रालयाला उत्तर दिले ते 1969 साली, तंबूत, गाण्यातून. आपल्याकडील 1964 च्या आचरण नियमांतील नववा नियम वाचकांना पाठ असेलच. सरकारच्या धोरणावर प्रतिकूल टीका करावयाची नाही, तो. तो नियम आम्ही निवृत्त होईपर्यंत पाळला आणि त्याचा आम्हांला पश्चात्तापही नाही, कारण ज्याने हुकूम बजावावयाचा त्यानेच चावडीवर त्याची टर उडवली तर लोकांनी कोणाकडे पाहावे? तरीही चॉकडस्टची गोष्ट वाचताना आम्ही मनाने खात्याच्या बाजूला नव्हतो. 1974 मध्ये त्यांनी आणखी एक गाणे केले, त्याचे शीर्षक 'गाढवाला गाऊ द्या' अशा अर्थाचे. परवाना देणाऱ्याच्या मनातले इतक्या थोड्या शब्दांत दुसऱ्या कोणी मांडल्याचे आम्हांला माहीत नाही. गाऊ द्या, गाढव आहे, गाण्याने काय होणार आहे! स्नेहसंमेलनात आम्ही मारलेली ती थाप याच जातीची होती.

परंतु गाणाऱ्याची बाजू सर्वस्वी निर्दोष आहे असे मानून हा विचार संपवता आला तर फार सोपे होईल. कॅलिप्सोत 'पिकाँग' नावाची रीत आहे. दोन गायक समोरासमोर उभे राहून एकमेकांची जागच्या जागी रचलेल्या कडव्यांत खिल्ली उडवतात. आपल्या सवालजबाबांची आठवण व्हावी अशी. तिच्यात बाण कितीही विषारी असला तरी ज्याला लागतो तो समोर उभा असतो, आणि पुढचे कडवे त्याचे असते. आमच्या मते या रीतीतच उपहासाचे सारे नीतिशास्त्र आहे. गव्हर्नरला कडवे रचता येत नव्हते हे खरे, पण त्याच्यापाशी राजपत्र होते. ज्याच्यापाशी कडवेही नाही आणि राजपत्रही नाही, त्याच्यावर गाणे झाले म्हणजे काय होते?

कॅलिप्सोने असे पुष्कळ केले आहे. माइटी स्पॅरो याला 1956 चे राजेपद मिळवून देणारे 'जीन अँड डायना' हे गाणे पाहा. अमेरिकन सैनिक तळ सोडून चालले, तेव्हा त्यांच्यावर पोट भरणाऱ्या बायकांची आता कशी जिरली, हा त्याचा विषय. त्या बायकांपैकी कोणी तंबूत उठून उत्तर देणे शक्य नव्हते. स्पर्धेच्या विजेत्याला 'कॅलिप्सो किंग' म्हणत. ते पदनाम बदलून 'मोनार्क' करावे लागले ते 1978 मध्ये, कॅलिप्सो रोज ही स्त्री जिंकली तेव्हा. मळ्यांतून बाहेर पडू पाहणाऱ्या हिंदी माणसाची नावे, त्याचा मसाला, त्याच्या लग्नाचे विधी, त्याच्या मुली यांवरही गाणी झाली. टाळ्या देणारे एका समाजाचे, ज्याच्यावर टाळ्या पडत तो दुसऱ्या समाजाचा आणि तंबूच्या बाहेर. 1979 मध्ये ब्लॅक स्टालिन याने कॅरिबियन माणसाच्या ऐक्याचे गाणे गाऊन राजेपद जिंकले, तेव्हा या ऐक्यात हिंदी माणूस कोठे आहे, आणि स्त्री कोठे आहे, असे जाहीरपणे विचारले गेले. 1884 सालच्या ज्या विस्मृतीविषयी वर लिहिले, तिचे हे फळ. उत्तराचे कडवे हिंदी समाजातून आले ते द्रुपती रामगुनाई या गायिकेचे, 1987 मध्ये, ढोलक घेऊन. आणि तिच्यावर पहिली टीका झाली ती स्वतःच्याच समाजातील प्रतिष्ठितांकडून.

मग 2017 साली हेच चॉकडस्ट नवव्यांदा राजपद जिंकले ते बालविवाहावरील गाण्याने. हिंदू विवाहाच्या कायद्यानुसार तेथे मुलीचे लग्न चौदाव्या वर्षी होऊ शकत असे. कायदा बदलण्याचा वाद चालू होता, आणि वृद्ध नवरे व कोवळ्या नवऱ्या यांचा भागाकार मास्तरांनी फळ्यावर मांडून दाखवला. हिंदू संघटनांना तो आपल्या समाजाचा अपमान वाटला. त्याच वर्षी संसदेने विवाहाचे वय सर्वांसाठी अठरा केले. येथे आमचा वरचा सिद्धांत अडखळतो. ज्यांची टर उडाली ते अल्पबळ समाजाचे पुढारी होते हे खरे. पण त्या समाजात, त्यांच्याही खाली, एक चौदा वर्षांची मुलगी होती, आणि तिच्यापाशी कडवे तर नव्हतेच, पुढारीही नव्हता. गाणे कोणावर झाले एवढेच पाहून भागत नाही. ते कोणासाठी झाले हेही पाहावे लागते, आणि ते टाळ्यांच्या आवाजावरून ओळखता येत नाही.

आमच्या त्या कारकुनाचे कवन मात्र इतके गुंतागुंतीचे नव्हते. त्याने वरच्यावर बाण सोडला होता, समोर उभे राहून सोडला होता, आणि पुढचे कडवे आमचे होते. ते आम्ही सभेत म्हटले नाही, रकान्यात लिहिले. अहवाल गोपनीय असला तरी कचेरीच्या भिंतींना कान असतात. पुढील वर्षीच्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत त्याचे नाव नव्हते. आम्ही चिटणिसांना विचारले तेव्हा, त्याचा घसा बरा नाही, असे ते म्हणाले. तो शेवटच्या रांगेत खुर्च्या मोजत होता. आम्ही जवळून गेलो तेव्हा अदबीने उठून उभा राहिला.