गुहेच्या तोंडाशी



आजच्या पहिल्या वाचनात एलिया संदेष्टा होरेब डोंगरावरच्या गुहेत मुक्कामाला आहे. ईजबेल राणी जिवावर उठली म्हणून तो चाळीस दिवस, चाळीस रात्री चालत इथवर आला. मिस्सेत वाचला जाणारा उतारा लहान आहे. गुहेत परमेश्वर त्याला एक प्रश्न विचारतो, की तो इथे काय करतो आहे. तो प्रश्न आजच्या वाचनातून गाळला गेला आहे. म्हणून घरी बायबल उघडून राजे पहिल्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय पूर्ण वाचावा, ही विनंती.

हाच प्रश्न मी एका माणसाला विचारला आहे, आणि फार वाईट सुरात. ज्यांची ही गोष्ट आहे, त्यांची परवानगी घेऊन सांगतो.

२०२५च्या दिवाळीच्या सुटीत आपल्या धर्मग्रामातले आम्ही ३१ जण पचमढीला गेलो होतो. कल्याणहून रात्रीची गाडी, सकाळी पिपरिया आणि तिथून जीपने घाट चढून वर. सह्याद्रीतले किल्ले पायाखाली घातलेल्या आपल्या पोरांना तो डोंगर वेगळाच वाटला. आपला सह्याद्री काळ्या कातळाचा, लाव्हारसाचा. पचमढी वालुकाश्माची, म्हणजे पाण्याने आणून टाकलेल्या वाळूचे थर दाबले जाऊन झालेल्या दगडाची. हा दगड वीस कोटी वर्षांहून जुना आहे, तरी त्यावर हात फिरवला तर बोटांना वाळू लागते. पावसाचे पाणी त्यात मुरते, कण सुटत जातात आणि कड्यांच्या पोटात गुहा तयार होतात. आपल्या जवळची कान्हेरीची लेणी माणसाने छिन्नीने खोदली. इथल्या कित्येक गुहा पाण्याने केल्या. काहींच्या भिंतींवर पांढऱ्या-तांबड्या रंगात घोडेस्वार, शिकारी, मध काढणारी माणसे चितारलेली आहेत. पाऊस सरल्यावर शरदात धबधबे अजून वाहत असतात आणि वाटा वाळलेल्या असतात, म्हणून आपण हाच काळ निवडला होता.

तिसऱ्या दिवशी चौरागड. महादेव गुहेपासून पायवाट निघते आणि पुढे सुमारे तेराशे पायऱ्या. वर शंकराचे देऊळ आहे. महाशिवरात्रीला विदर्भातून आणि आसपासहून भाविक नवसाचे त्रिशूळ खांद्यावर घेऊन हा डोंगर चढतात. देवळाभोवती त्या त्रिशुळांची रासच लागली आहे. काही इतके जड, की ते एकट्याचे काम नव्हे. घरातली माणसे आळीपाळीने खांदा देत असणार. ते पाहून मी आपल्या मंडळींना एकमेकांचे ओझे वाहण्यावर छोटेसे प्रवचन दिले. चांगले जमलेही होते. मग डोकी मोजली. अठ्ठावीस!

मी सर्वांत पुढे होतो, हे कबूल करतो. चाळिशी उलटली तरी फादर पोरांच्या बरोबरीने चढतात, असे कोणी म्हटलेले मला आवडते.

धावत खाली आलो. अर्ध्या वाटेवर, कड्याच्या एका कपारीत, आपले एक काका बसले होते आणि त्यांच्याजवळ युवक मंडळातली दोन मुले. ‘काका, तुम्ही इथे काय करता?’ मी विचारले. सुरात काळजी कमी आणि चीड जास्त. काकांनी वरही पाहिले नाही. म्हणाले, ‘फादर, घरी जे करतो तेच. बसलोय.’

काकी २०२३मध्ये गेल्या. अंत्यविधी मीच केला, महिन्याच्या मिस्सेला घरी गेलो, आणि त्यानंतर एकदाही त्यांच्या ओट्यावर टेकलो नव्हतो. घंटा ऐकू येईल इतके त्यांचे घर जवळ, पण काकांचे मिस्सेला येणे थांबले होते. सहलीला नाव त्यांच्या नातीने घातले होते. त्या दोन मुलांनी त्या दिवशी शिखर पाहिले नाही. डब्यातल्या करंज्या खात त्यांनी काकांकडून काकींची गोष्ट ऐकली: पहाटेच्या लोकलने दोघे मोगरा घेऊन दादरला कसे जायचे, गाडीत टोपली ठेवायला जागा कोण द्यायचे, कोण भांडायचे. इतक्या दिवसांत हे त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

एलियाची तक्रार हीच होती, की मी एकटाच उरलो. वारा सुटला, भूकंप झाला, आग लागली. परमेश्वर त्यांत नव्हता. मग अगदी हळू असे काही ऐकू आले, आणि एलिया तोंडावर झगा ओढून गुहेच्या तोंडाशी आला. चौरागडावरचे माझे प्रवचन वाराच होता, असे मला आता वाटते. आणि पुढे वाचा: परमेश्वर त्याला आल्या वाटेने परत पाठवतो, अजून सात हजार जण निष्ठावंत आहेत असे सांगतो आणि अलिशाला सोबतीला देतो. सेमिनरीत आम्ही प्लेटोची गुहा घोकली होती. तिच्यातून बाहेर पडलेल्या माणसालाही आतल्यांकडे परत जावे लागते, हा भाग मी परीक्षेपुरता लिहिला होता.

त्यानंतर काका दर रविवारी मिस्सेला येऊ लागले, असे लिहिता आले असते तर बरे वाटले असते. ते कधी येतात, कधी येत नाहीत. ती दोन मुले गुरुवारी संध्याकाळी त्यांच्याकडे जातात. कधी मीही जातो, आणि शक्यतो गप्प बसतो.

यंदा दिवाळीच्या सुटीत बदामीला जायचे ठरते आहे. तिथलाही डोंगर वालुकाश्माचाच, तांबडा. नावे पारिश ऑफिसमध्ये द्यावीत. आपल्या वाडीत कोणी बरेच दिवस घराबाहेर पडले नसेल, तर त्यांच्याकडे जाऊन, त्यांना विचारून, त्यांचेही नाव घालावे. वयाची अट नाही. डोकी मोजायचे काम युवक मंडळाकडे दिले आहे आणि मी या वेळी सर्वांत मागे चालणार आहे. काकांचे नाव यादीत आले आहे. ते त्यांनी स्वतः येऊन दिले.

प्रभूमध्ये आपला,
धर्मगुरू