तीस शेकेलांचे मोल

(जखऱ्या, अध्याय ११, वचने १२ व १३)



जखऱ्याच्या अकराव्या अध्यायात कापण्यासाठी ठरलेल्या मेंढरांचा एक कळप आहे. घेणारे त्यांचा वध करितात, विकणारे धनवान झालो म्हणून देवाचे आभार मानितात. देवाच्या आज्ञेने संदेष्टा हा कळप राखतो. परंतु त्यास लोकांचा वीट येतो, लोकांस त्याचा. शेवटी तो आपली एक काठी मोडतो आणि वेतन मागतो, तेही कसे? बरे वाटले तर द्या, नाहीतर राहू द्या. तेव्हा त्यांनी तीस शेकेल रुपे तोलून त्याच्या हाती ठेविले.

ही रक्कम क्षुल्लक होती असे पुष्कळदा व्यासपीठावरून सांगण्यात येते. मीही एके काळी तसेच सांगत असे. पण ते बरोबर नाही. शेकेल म्हणजे सुमारे एक तोळा. यिर्मयाने अनाथोथातील शेत सतरा शेकेलांस घेतले. (त्या वेळी यरुशलेमेस बाबेलच्या सैन्याचा वेढा होता, तेव्हा जमीन स्वस्त असेल, हे खरे.) तीस शेकेलांस काहीच येत नव्हते असे नाही.

अपमान आहे तो त्या नेमक्या आकड्यात. निर्गमाच्या २१व्या अध्यायातील ३२वे वचन काढून पाहा. एखाद्याच्या बैलाने दुसऱ्याच्या दासास किंवा दासीस शिंगाने ठार केले, तर बैलाच्या मालकाने त्यांच्या धन्यास तीस शेकेल भरून द्यावे, असा नियम आहे. कळप राखणाऱ्यास त्यांनी ह्याच दराने चुकते केले. काहीच दिले नसते तर निदान भांडणास जागा उरली असती. त्यांनी हिशेब पुरा केला, म्हणजे आता तुझा आमचा संबंध सरला.

पुढे देव बोलतो. त्यांनी ठरविलेले हे थोर मोल, असे तो उपरोधाने म्हणतो. आणि मोल कोणाचे? संदेष्ट्याचे नव्हे, माझे, असे म्हणतो. मेंढपाळाच्या जागी तो स्वतः उभा राहतो. दासदासींसाठी ठरविलेला दर तो आपल्या नावावर घेतो. ज्यांच्या बापजाद्यांचे मोल दुसऱ्यांनी ठरविले, त्यांनी हे वचन सावकाश वाचावे.

एका गावच्या उपदेशकांनी मला विचारिले, “पाळकसाहेब, मत्तयाच्या २७व्या अध्यायात हे वचन यिर्मयाचे म्हटले आहे, पण सापडते जखऱ्यात. कोणी विचारिले तर काय सांगावे?” मी म्हणालो, लपवू नका, दोन्ही पुस्तके उघडून दाखवा. तीस रुपे, मंदिर आणि कुंभार जखऱ्यात आहेत, पण शेत तेथे नाही. कुंभाराचे घर यिर्मयाच्या १८व्या अध्यायात, फोडलेले मडके व प्रेते पुरण्याची जागा १९व्यात, आणि शेताची खरेदी ३२व्यात आहे. मत्तयाने दोन्ही साक्षी एकत्र गुंफून मोठ्या संदेष्ट्याचे नाव घातले, असे पुष्कळ विद्वानांस वाटते. सर्वांचे एकमत नाही. मला मात्र ते पटते.

पण मंदिरात कुंभार कशाला? इब्री भाषेत कुंभारास ‘योत्सेर’ आणि खजिन्यास ‘ओत्सार’ म्हणतात. उच्चार इतके जवळचे आहेत की जुन्या सुरियानी भाषांतरात येथे खजिनाच आहे. मत्तयाच्या वृत्तांतात दोन्ही येतात. यहूदा ती नाणी मंदिरात फेकून जातो. याजक ती वेचतात. हे रक्ताचे मोल आहे, खजिन्यात चालत नाही, म्हणतात. ज्यांनी स्वतः ते तोलून दिले त्यांस आता त्याचा विटाळ होतो! मग ते मसलत करून त्या पैशांनी कुंभाराचे शेत विकत घेतात. ते त्यांनी आपल्यासाठी घेतले नाही. त्या नगरात मरणाऱ्या परक्यांस पुरावयास जागा हवी होती, ती त्या तीस रुप्यांतून झाली.