खंडेनवमीच्या पाटावर कोणता रंधा?

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी ताडपत्र्यांवर पितळी नळ, बंद पडलेली घड्याळं, कॅमेरे आणि गंजक्या पान्यांचे ढीग मांडलेले असतात. त्या ढिगात कधी तरी बिडाचा एखादा रंधा हाताला लागतो. गंज बोटाने पुसला की पुढच्या टोकाला ‘बेली’ अशी ओतीव अक्षरं दिसतात आणि लाकूडकामाचा नाद असलेला माणूस तिथेच बसकण मारतो. तिथून रविवार पेठेतली बोहरी आळी फार लांब नाही. तिथे नवा देशी रंधा तेलकट कागदात गुंडाळलेला, खोक्यात बंद असा मिळतो. आणखी पैसे मोजायची तयारी असेल तर अमेरिकेहून ‘ली-निल्सन’ मागवता येतो.

जुना घ्यावा की नवा, हा वरवर पैशांचा आणि सवडीचा प्रश्न वाटतो. पण महाराष्ट्रात रंधा नुसता वापरला जात नाही. आश्विन शुद्ध नवमीला, खंडेनवमीला, तो धुऊनपुसून पाटावर मांडला जातो, त्याला हळदकुंकू वाहिलं जातं, फूल ठेवलं जातं. ज्या वस्तूपुढे माणूस वर्षातून एकदा हात जोडतो, ती निवडताना त्याला स्वतःला विचारावंच लागतं: हा नमस्कार नेमका कशाला? लोखंडाला, त्याच्या वयाला, ज्याच्या हातून ते घासलं गेलं त्या पूर्वजाला, की उद्या सकाळी त्याच्याकडून होणाऱ्या कामाला?

आधी वस्तू नीट पाहू. सुताराचा पारंपरिक रंधा लाकडाचा. शिसवीसारख्या कठीण लाकडाचा ठोकळा, त्यात तिरपी खाच, खाचेत पोलादी पातं आणि ते आवळून धरणारी पाचर. पातं पुढे काढायचं तर त्याच्या डोक्यावर हातोडीची हलकी टिचकी, मागे घ्यायचं तर ठोकळ्याच्या मागच्या अंगावर. मग रंधा उलटा धरून, एक डोळा मिटून तळावरून नजर टाकायची. पात्याची धार काळ्या केसाएवढी दिसली की काम सुरू. अमेरिकेत लेनर्ड बेली या कारागिराने याच टिचकीच्या जागी पितळी चाकी आणली. ती फिरवली की पातं मागेपुढे सरकतं. ‘स्टॅन्ले’ कंपनीने 1869 मध्ये त्याचे हक्क विकत घेतले. जगभरातले बहुतेक बिडाचे रंधे आजही त्याच घडणीचे आहेत.

जुन्या स्टॅन्लेचं पातं साधारण दोन मिलिमीटर जाडीचं, साध्या उच्च कार्बन पोलादाचं. निसण्यावर ते पटकन धार घेतं आणि तितक्याच लवकर ती सोडतं. आजच्या महागड्या रंध्याचं पातं तीन मिलिमीटरच्या वर, मिश्रधातूचं. त्याला धार लावायला वेळ लागतो, पण ती टिकते. जुनं बीड ठिसूळ असतं, फरशीवर पडलं तर तडकतं. नव्या चांगल्या रंध्यांना वापरतात ते लवचीक बीड असं सहसा तुटत नाही. जुन्याचा तळ वाकलेला असू शकतो, पात्याच्या पाठीवर गंजाने खड्डे पाडलेले असू शकतात, आणि खड्डा धारेपर्यंत पोचला असेल तर ते पातं कितीही घासलं तरी निरुपयोगीच. स्वस्त नव्याचीही हमी नाही. तळ सपाट करून पातं नीट बसवायला त्यालाही हात द्यावा लागतो.

जुन्याच्या बाजूने हमखास पुढे येणारा युक्तिवाद भावनेचा असतो: हा आजोबांचा रंधा आहे. पण आजोबांच्या लाकडी रंध्यातलं काय उरलेलं असतं? धार लावून लावून पातं आखूड होतं, मग नवं येतं. तळ झिजून तोंड रुंद झालं की तिथे लाकडाचा नवा तुकडा बसवतात. पाचर तर कितीदा बदलली, याचा हिशेब कोणी ठेवत नाही. मग तो आजोबांचाच रंधा कसा?

हा प्रश्न भारतीय तत्त्वज्ञानाला नवा नाही. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला, म्हणजे ग्रीक मिनँडरला, रथाबद्दल असंच विचारतो. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू? यांतलं एकही रथ नाही, आणि यांच्यापलीकडेही रथ नाही. भाग एकत्र आले की त्यांना व्यवहारात दिलेलं ते नाव. धर्मानंद कोसंबी 1912 पासून फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले, तेव्हा बौद्धांची ही चर्चा पुण्याच्या वर्गांत आली. पुण्यातच भांडारकर संस्थेने 1928 मध्ये भीमाचार्य झळकीकरांच्या ‘न्यायकोशा’ची सुधारित आवृत्ती काढली. त्या न्याय-वैशेषिक परंपरेचं उत्तर अगदी वेगळं आहे. तिच्या मते अवयवी, म्हणजे पूर्ण वस्तू, अवयवांहून वेगळी आणि खरीखुरी असते. पण त्याची किंमतही कडक आहे: वस्त्रातला एक धागा काढला की जुनं वस्त्र नष्ट झालं आणि नवं, खंडपट, उत्पन्न झालं. या हिशेबाने पातं बदललं त्या दिवशीच आजोबांचा रंधा संपला.

दोन्ही मतं एकमेकांच्या विरोधात उभी आहेत, तरी वारशाच्या अभिमानाला दोन्हींकडून आधार मिळत नाही. लोखंडालाकडात आजोबा साठून राहत नाहीत. सुताराच्या घरात जे खरोखर टिकतं ते रीतीत टिकतं: पातं किती कोनात घासायचं, लाकडाची शीर उलटी आली तर फळी कशी फिरवायची, टिचकी किती जोराची. ते नव्या रंध्यावरही तसंच शिकवता येतं, आणि शिकवलं नाही तर जुन्या रंध्यातून आपोआप झिरपत नाही.

तरीही अवजार कसलंही चालेल, असं यातून निघत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म घडण्याची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या चेष्टा आणि दैव. करण, म्हणजे साधन, हे या पाचांतलं एक आहे. कर्ता मी एकटाच असं मानणाऱ्याची दृष्टी अपुरी, असंही तिथेच पुढे म्हटलं आहे. खंडेनवमीचा नमस्कार समजायला यासारखी दुसरी जागा नाही. सागवानाच्या फळीवरून अखंड, पारदर्शक सालपट निघतं तेव्हा त्यातला एक वाटा पात्याचा असतो, आणि वर्षातून एक दिवस तो वाटा मान्य करायचा असतो. मग गंजलेला, तळ वाकलेला रंधा निव्वळ वयासाठी पाटावर ठेवणं चुकीचं आहे, कारण त्याचा वाटा कोणत्याच कामात पडत नाही. अशा वस्तूंचा मान वेगळा. दिनकर केळकरांनी रोजच्या वापरातले दिवे, अडकित्ते, दरवाजे आयुष्यभर जमवून राजा केळकर संग्रहालय उभं केलं. काम संपलेल्या वस्तूंकडे तिथे प्रेमाने पाहता येतं. घरातल्या काचेच्या कपाटात रंधा ठेवून त्यालाच सुतारकीचा आदर म्हणणं मात्र पटण्यासारखं नाही.

आणि नवा रंधा तरी कुठे पोरका असतो? थॉमस ली-निल्सन यांनी 1981 मध्ये अमेरिकेतल्या मेन राज्यात काम सुरू केलं ते स्टॅन्लेच्या एका जुन्या छोट्या रंध्याची घडण घेऊन. त्यांचे पुढचे मोठे रंधे बेतले गेले ते स्टॅन्लेने दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास बंद केलेल्या ‘बेडरॉक’ रंध्यांवर. ज्यांचं काम बाजाराने सोडून दिलं, त्यांचं काम कोणीतरी पुन्हा हाती घेतलं. वैदिक परंपरा माणसाच्या माथ्यावर ऋणं सांगते आणि त्यांतलं ऋषिऋण अध्ययनाने फिटतं असं मानते. बेलीची चाकी समजून घेऊन ती आणखी नेमकी करणं हे त्या ऋणाच्या फेडीचंच काम आहे. ते भंगारातला रंधा घासूनही करता येतं आणि नवा ओतूनही.

पुण्यात या चर्चेला एक अगदी रोखठोक बाजूही आहे. पेठांमधले वाडे पडतात तेव्हा त्यांच्या तुळया आणि खांब पुन्हा विकले जातात. शंभर वर्षं वाळलेला तो सागवान रंध्याखाली सुरेख येतो, पण त्यात जुने खिळे दडलेले असतात. एका खिळ्याने पात्याच्या धारेचा तुकडा उडतो. म्हणून अनुभवी सुतार असल्या तुळईचा पहिला थर काढताना एखादं जुनं, आखूड झालेलं पातं लावतो आणि चांगलं पातं नंतर चढवतो. तिथे जुन्याला काम आहे आणि नव्यालाही.

राहिला प्रश्न निवड कोणाच्या हातात आहे याचा. गावगाड्यात सुतार बलुतेदार होता. बापाचा रंधा मुलाने उचलणं हा तिथे जातीने घालून दिलेला धंदा होता, आवडनिवड नव्हती. आज हिंजवडीत नोकरी करणारा तरुण शनिवारी-रविवारी जुन्या रंध्याचा शोध घेतो तेव्हा ते स्वातंत्र्य तो उपभोगत असतो, आणि त्यात गैर काही नाही. पण वारशाची ओढ बोलून दाखवताना त्याने हेही लक्षात ठेवायला हवं की वारसा ज्यांच्यावर लादला गेला, त्यांच्यापैकी अनेकांनी पहिली संधी मिळताच विजेचा रंधा घेतला. पाठ आणि खांदे वाचवण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता, आणि त्या विजेच्या रंध्यावरचं कुंकू तितकंच खरं आहे. 17 सप्टेंबर 2023 ला केंद्र सरकारने सुरू केलेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतारकामासह 18 व्यवसायांतल्या कारागिरांना अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळते. मेन राज्यातून येणाऱ्या एका मोठ्या रंध्याची किंमत तीनशे डॉलरच्या पुढे, म्हणजे त्या संपूर्ण रकमेपेक्षा जास्त. तेव्हा जुना की नवा यावर पुण्यात बोलायचं, तर ज्याचं पोट रंध्यावर आहे त्याला धार टिकणारं एक चांगलं पातं परवडतं का, इथून सुरुवात करायला हवी.